विश्लेषण : पिकअपला मोठी चाके बसवल्याने नेमके काय बदलते?

नवी पिकअप घरी आली, की हार-नारळ होतो आणि पाठोपाठ गाडी टायरच्या दुकानात जाते. कंपनीची चाके काढून जरा मोठी, रुंद, भरदार चाके बसवली जातात. गाडी उंच दिसते, चिखलात अडकत नाही, माल जास्त बसतो, अशी कारणे सांगितली जातात. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते, 'काही होत नाही, सगळेच टाकतात.'

पण चाक हा गाडीचा शेवटचा गिअर असतो. इंजिनाची ताकद गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधून शेवटी चाकातूनच जमिनीवर उतरते. त्यामुळे चाकाचा व्यास बदलला, की वेग, ओढ, मायलेज आणि ब्रेक ही सगळीच गणिते बदलतात. किती बदलतात, हे कागद-पेन घेऊन मोजता येते. तेच समजून घेऊ.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरणासाठी २१५/७५ आर १५ ही पिकअपवर आढळणारी साइझ घेऊ. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

आता हिशेब. २१५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिमी. ही भिंत वर आणि खाली दोन्हीकडे असते, म्हणून ३२२.५ मिमी. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिमी मिळवले, की चाकाचा एकूण व्यास येतो सुमारे ७०४ मिमी.

या जागी लोक साधारण दोन प्रकारचे बदल करतात.

पहिला बदल : २३५/७५ आर १५. व्यास सुमारे ७३४ मिमी, म्हणजे ४.३ टक्के वाढ.

दुसरा बदल : ३१ इंची, साडेदहा इंच रुंद ऑल-टेरेन टायर. व्यास ७८७ मिमी, म्हणजे जवळपास १२ टक्के वाढ.

टक्केवारी लहान वाटते. पुढे ती काय करते, ते पाहू.

मीटर खोटे बोलायला लागते का?

हो. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेऱ्या मोजतो. एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हे कंपनीने मूळ चाकावरून ठरवलेले असते. मूळ चाकाला एक किलोमीटर जायला सुमारे ४५२ फेऱ्या लागतात, ३१ इंची चाकाला ४०४. फेऱ्या कमी झाल्या, की मीटरला वाटते गाडी हळू चालली आहे.

म्हणजे काटा ८० वर असताना पहिल्या बदलात खरा वेग ८३ च्या पुढे असतो आणि दुसऱ्या बदलात ८९ च्या पुढे. महामार्गावरचा कॅमेरा खरा वेग मोजतो, तुमचा काटा पाहत नाही. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरवर अडवणारा वेगनियंत्रक बसवलेला असतो. तो फेऱ्यांवरून वेग ओळखत असेल, तर तोही याच चुकीने फसतो.

कंपन्या मीटर मुद्दाम थोडे जास्त दाखवणारे ठेवतात, हे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ व्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचेच नाही. जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. चार टक्क्यांची वाढ ही शिल्लक खाऊन टाकू शकते. बारा टक्क्यांत ती बहुधा पुरत नाही.

चूक ओडोमीटरलाही लागते. ३१ इंची चाकावर मीटरने १०,००० किमी दाखवले, तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ११,२०० किमी धावलेली असते. ऑइल बदलायला तेवढा उशीर झालेला असतो.

मायलेज खरेच इतके पडते का?

मोठी चाके बसवल्यावर 'गाडी आधी १३ द्यायची, आता ११ देते' अशी तक्रार हमखास ऐकू येते. यातला काही भाग खरा असतो आणि काही मीटरचा खेळ.

समजा ४० लिटर डिझेलमध्ये मीटरवर ४५० किमी पडले. भागाकार केला तर मायलेज ११.२५ येते. पण ३१ इंची चाकांमुळे गाडी प्रत्यक्षात सुमारे ५०४ किमी चाललेली असते, म्हणजे खरे मायलेज १२.६. घट आहे, पण दिसते तेवढी नाही.

खऱ्या घटीची कारणे मात्र ठोस आहेत. रुंद आणि खोल नक्षीचा टायर रस्त्यावर जास्त घासतो आणि फिरताना जास्त वाकतो. गाडी उंच झाली, की हवेचा अडथळा वाढतो. चाक जड असते आणि शहरातल्या प्रत्येक सिग्नलनंतर ते नव्याने फिरवावे लागते. सपाट महामार्गावर, रिकाम्या गाडीत, कमी आरपीएमचा थोडा फायदा मिळूही शकतो. पण माल भरून, थांबत-थांबत चालणाऱ्या पिकअपला तो क्वचितच मिळतो.

ओढ कमी का होते?

सायकलचे उदाहरण घ्या. मागचे दातेरी चक्र लहान केले, की सायकल सपाटीवर पळते, पण चढाला पाय भरून येतात. चाक मोठे करणे म्हणजे हेच. अॅक्सलवर येणारा पीळ तेवढाच असतो, पण जमिनीपर्यंतचे अंतर वाढल्याने जमिनीवरचा जोर घटतो.

पहिल्या बदलात प्रत्येक गिअरमध्ये ही घट सुमारे ४ टक्के असते, दुसऱ्या बदलात जवळपास ११ टक्के. भरलेल्या गाडीला चढावर जिथे तिसरा गिअर पुरत होता, तिथे दुसरा टाकावा लागतो. चढावर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ घसरवावा लागतो. क्लच प्लेट लवकर गेली, की दोष मेकॅनिकला किंवा ड्रायव्हरला दिला जातो.

त्यात वजनाची भर. फिरणाऱ्या चाकाचे वजन आणि हौद्यातल्या मालाचे वजन इंजिनाला सारखे वाटत नाही. मालाला फक्त पुढे न्यायचे असते. चाकाला पुढेही न्यायचे असते आणि गरागरा फिरवायचेही असते. वजन चाकाच्या अगदी कडेला असेल, तर वेग पकडताना ते जवळपास दुप्पट जाणवते. नवे चाक जुन्यापेक्षा ८ किलोने जड असेल, तर चार चाकांचे ३२ किलो होतात. वेग घेताना ते ६० किलोच्या आसपास भासू शकतात. टायर नेमका कडेलाच असतो, म्हणून जड टायर जड रिमपेक्षा जास्त त्रास देतो.

अमेरिकेत पिकअप घरोघरी असते आणि ३५ इंची टायरची हौसही. तिथे असे टायर बसवणारे जाणकार लोक डिफरन्शियलचे क्राऊन-पिनियनही बदलून घेतात. कंपन्याही तेच करतात. फोर्डच्या साध्या एफ-१५० पिकअपमध्ये ३.५५ सारखे अॅक्सल गुणोत्तर मिळते. त्याच गाडीची ३५ इंची टायरवर येणारी रॅप्टर ही आवृत्ती ४.१० गुणोत्तर घेऊन येते. म्हणजे चाक मोठे केल्याने गेलेली ओढ कंपनीने गिअरमधून परत आणली. आपल्याकडे टायरच्या दुकानात फक्त चाक बदलते, गिअर तसाच राहतो.

सर्वात मोठा प्रश्न : ब्रेकचे काय?

कमी ओढ आणि कमी मायलेज हा खिशाचा प्रश्न झाला. ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा टायरच्या दुकानात सर्वात कमी होते.

डिस्क किंवा ड्रम तेवढाच राहतो. पॅडल तेवढ्याच जोराने दाबले, तर चाकावरची पकडही तेवढीच राहते. पण चाकाची त्रिज्या वाढल्याने जमिनीवर गाडी रोखणारा जोर कमी होतो. ३१ इंची चाकावर ही घट सुमारे ११ टक्के आहे.

आता यात मीटरची चूक मिसळा. काटा ८० दाखवतो, पण गाडी ८९ च्या पुढे आहे. गाडीत साठलेली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून थांबवायची ऊर्जा सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली असते. ऊर्जा जास्त आणि रोखणारा जोर कमी. दोन्हींचा गुणाकार केला, तर मीटरवरच्या त्याच वेगाला, पॅडलवरच्या त्याच दाबाला, ब्रेक लागल्यानंतर गाडी सुमारे ४० टक्के जास्त अंतर घेते. २३५/७५ च्या साध्या बदलातही ही वाढ १३ टक्के येते. मूळ चाकावर गाडी ४० मीटरमध्ये थांबत असेल, तर पहिल्या बदलात सुमारे ४५ मीटर लागतील आणि दुसऱ्यात ५६.

रिकाम्या गाडीत आणि कोरड्या रस्त्यावर ड्रायव्हर पॅडल आणखी दाबून हे भरून काढू शकतो. गाडी भरलेली असते आणि ब्रेक तापलेले असतात, तेव्हा दाबायला फार काही शिल्लक राहिलेले नसते.

घाटात धोका का वाढतो?

महाराष्ट्राचा भूगोल इथे आडवा येतो. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर भागातला शेतमाल मुंबईकडे आणि कोकणाकडे जातो, तेव्हा कसारा, बोर किंवा आंबा घाट उतरूनच जातो. म्हणजे गाडी भरलेली असते तेव्हा उतार असतो आणि रिकामी होऊन परतते तेव्हा चढ.

भरलेली पिकअप ३ टन वजनाची धरू आणि घाटाची उभी उंची ३०० मीटर. इतके खाली उतरताना गाडी सुमारे अडीच युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी करते. २ किलोवॅटचा गिझर सलग सव्वा तास चालवावा, इतकी. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवेत आणि टायरमध्ये जिरते. मोठा वाटा इंजिन ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरने इंजिनाला गाडी रोखायला लावणे, आणि चाकावरचे ब्रेक यांच्यात वाटला जातो.

मोठ्या चाकाने इंजिन ब्रेकिंगही घटते. कारण गणित तेच : इंजिनाचा रोध चाकापर्यंत तेवढाच येतो, जमिनीवर कमी पडतो. मग ड्रायव्हरचा पाय पॅडलवर जास्त वेळ राहतो. ड्रम आणि लायनिंग जास्त तापतात. ठरावीक तापमानापुढे लायनिंगची पकड सुटू लागते. पॅडल दाबले जाते, पण गाडी रोखली जात नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. ब्रेक ऑइल जुने, पाणी शोषलेले असेल, तर ते उकळून पॅडल सरळ खाली जाण्याचाही धोका असतो.

म्हणून मोठी चाके असलेल्या गाडीने, नेहमी ज्या गिअरमध्ये घाट उतरायचा त्यापेक्षा एक गिअर खाली उतरणे शहाणपणाचे. चढताना लागेल त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथेही लागू पडतो.

मोठा टायर जास्त वजन उचलतो का?

हा सर्वात पसरलेला गैरसमज आहे. वजन उचलण्याची क्षमता टायरच्या रुंदीवरून ठरत नाही. ती टायरच्या बाजूला छापलेल्या लोड इंडेक्सवरून कळते. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो.

एसयूव्हीसाठी बनवलेला रुबाबदार रुंद टायर १०४ चा असू शकतो आणि साधा दिसणारा मालवाहू टायर ११२ चा. म्हणजे एका टायरमागे २२० किलोचा फरक. मागच्या दोन चाकांवर ४४० किलो. टायर मोठा झाला, पण गाडीची क्षमता घटली, असे यातून होऊ शकते. शिवाय गाडीची मंजूर भारक्षमता अॅक्सल, कमानपाटे, चासी आणि ब्रेक मिळून ठरवतात. टायर कितीही दणकट घातला, तरी ती वाढत नाही.

नुसती रिम मोठी केली तर?

हा वेगळा प्रकार आहे. रिम मोठी, पण टायरची भिंत बारीक, त्यामुळे एकूण व्यास जवळपास तोच. टोयोटाच्या हायलक्सवर २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशा दोन्ही साइझ दिल्या जातात. हिशेब केला तर दोघांच्या व्यासात जेमतेम १ मिमीचा फरक येतो. महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीतही २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशा दोन साइझ आल्या. फरक २ टक्क्यांच्या आत. कंपन्या स्वतः चाक बदलतात, तेव्हा व्यास किती जपतात, हे यावरून दिसते.

असा बदल मीटर आणि ओढ बिघडवत नाही. पण भिंत बारीक झाल्याने खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. रिम वाकणे, अलॉयला तडा जाणे, टायरला फुगा येणे हे प्रकार वाढतात.

रिम बाहेरच्या बाजूला जास्त आलेली असेल किंवा मधे स्पेसर टाकला असेल, तर आणखी एक भानगड होते. चाकावरचा भार हब बेअरिंगपासून लांब जातो आणि तरफेसारखा त्यावर जोर टाकतो. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड लवकर झिजतात. खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात. पूर्ण वळण घेताना किंवा कमानपाटे दबल्यावर टायर मडगार्डला घासतो.

मग फायदा काहीच नाही का?

आहे. चिखलात, नांगरलेल्या शेतात, नदीपात्राच्या वाटेवर मोठे चाक खड्डा आणि दगड सहज ओलांडते. गाडीची जमिनीपासूनची उंची वाढते. पण किती? व्यास वाढतो त्याच्या निम्मीच, कारण उरलेली निम्मी वाढ अॅक्सलच्या वर असते. २३५/७५ टायरने मिळते अवघी १५ मिमी, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढी. ३१ इंची टायरने सुमारे ४२ मिमी.

अडचण चिखलाचीच असेल, तर मूळ साइझमध्येच खोल नक्षीचा ऑल-टेरेन टायर घेता येतो. पकड बरीचशी वाढते आणि व्यासाची गणिते तशीच राहतात. दिसायला रुबाब कमी, पण कामाला पुरेसा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मालवाहू गाडीच्या बाबतीत हे जास्त लागू पडते, कारण तिच्या नोंदणीच्या अर्जातच टायरचा आकार नमूद करायचा असतो. फिटनेस तपासणीत प्रश्न येऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही. हप्त्यावर घेतलेल्या गाडीच्या मालकाला दावा अडकणे परवडणारे नसते.

चाके बदलायचीच असतील तर काय पाहावे?

१. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर किंवा मालकाची पुस्तिका पाहा. तिथे तुमच्या मॉडेलसाठी दिलेली पर्यायी साइझ सर्वात सुरक्षित.

२. नव्या टायरचा व्यास स्वतः काढा. मूळ व्यासापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त फरक नको, असा व्यवसायातला ढोबळ संकेत आहे.

३. लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा. भाव विचारण्याआधी हा आकडा विचारा.

४. चारही चाके आणि स्टेपनी एकाच साइझची घ्या. मागे मोठी स्टेपनी एकाच बाजूला लावून लांब चाललात, तर डिफरन्शियलला सतत काम पडते. फोर बाय फोर गाडीत पुढे-मागे वेगळे व्यास असतील, तर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

५. आधीच मोठी चाके बसवली असतील, तर मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग आणि गाडीचा काटा सपाट रस्त्यावर ताडून पाहा. फरक किती, ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. गाडी दुसरा कोणी चालवणार असेल, तर त्यालाही सांगा.

६. ब्रेक लायनिंग आणि ब्रेक ऑइलची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करा, घाटाच्या फेऱ्या असतील तर नक्कीच.

नवे चाक बसवले, की पहिल्या दिवशी खरोखरच काही होत नाही. रिकामी गाडी गावातून फिरते, लोक वळून पाहतात. हिशेब होतो तो पावसात, पहाटे, हौदा भरून घाट उतरताना. पुढच्या वळणावर कोणीतरी अचानक थांबलेले असते आणि ड्रायव्हरने मारलेला ब्रेक नेहमीपेक्षा पंधरा-वीस मीटर पुढे जाऊन लागू पडतो. टायर निवडताना ही पंधरा-वीस मीटर लक्षात ठेवलेली बरी.